डाव्या कानात सांगितलेलं

बाबा, परवा लेक सासरचं काही सांगत होती आणि मी सवयीनं सरकून तिच्या डावीकडे बसले. तिला त्यात काही वाटलं नाही. आपल्या घरात डावीकडे बसणं म्हणजे काय, हे आता मला एकटीलाच माहीत आहे, आईही गेली.

तुम्ही फौजेतून पेन्शनीवर नाचणगावला आलात तेव्हा मी दहावीत होते. तोफखान्यात उभी हयात गेली, तोफेनं डावा कान नेला. तोवर तुम्ही म्हणजे वर्षातून एकदा येणारी काळी ट्रंक. आता रोज घरात. पहाटे शिटी, अंथरुणाच्या चौकोनी घड्या, आणि एक दिवस तर तुम्ही आईचे सगळे डबे उंचीनुसार रांगेत लावले. आई दिवसभर झाकणं उघडून मीठ शोधतेय. तुमच्या तोंडावर बोलायची कोणाची टाप होती? म्हणून जेवताना आम्ही मायलेकी तुमच्या डाव्या अंगाला बसायचो आणि मनातलं बोलून घ्यायचो. तुम्ही मान वळवून उजवा कान पुढे करायचात. "काय म्हणून राह्यल्या व?" आई म्हणायची, "काई नाई. वरण वाढू का?"

डब्यांच्या त्या दिवशी माझी जीभ फारच सुटली. "हा माणूस फौजेतच राह्यला असता तं बरं झालं असतं. याच्याबिगर आपलं काय अडून राह्यलं होतं?" आई हसली, मीही हसले. तुमचा भाकरीचा तुकडा वरणात बुडवलेला, तसाच हातात राहिला. मग खाल्लात.

दुसऱ्या दिवशी शिटी वाजली नाही. डबे आईच्या जागी परत गेले होते. जेवायला तुम्ही पाट फिरवून, आपणहून डावा कान आमच्याकडे करून बसलात, आणि मरेपर्यंत तसेच बसलात. काय बोलता म्हणून पुन्हा कधी विचारलं नाही. आई हळूच म्हणाली, "आयकलं वाटते त्यायनं." "नाई व," मी म्हटलं. मला कळलं होतं, पण कबूल कोण करणार?

राग तरी धरायचा होता. उलट कॉलेजला जाताना रोज सायकलवर पुलगावच्या स्टेशनापर्यंत सोडलंत, तिथूनच चौकीदारीच्या ड्युटीवर गेलात. पुढं माझ्या लेकीला तान्ह्या पोळ्याला पोरांत मिरवायला लाकडी बैल आणलात, ती चालून दमली की उचलून घ्यायचात, नेहमी उजव्या खांद्यावर. तिची सगळी बडबड तुम्हाला ऐकायची असायची.

सेवाग्रामच्या दवाखान्यात शेवटी मी ठरवूनच आले होते. आई चहा आणायला गेली. तुमच्या डाव्या बाजूला बसून मी म्हटलं, "बाबा, माहं चुकलं. तुमी घरी आले तेच बरं झालं." तुम्ही खिडकीकडे पाहत होतात. जरा वेळानं मान वळवलीत, कितीतरी वर्षांनी तेच विचारलंत, "काय म्हणून राह्यली व?"

मी म्हटलं, "काई नाई. संत्रं सोलून देऊ का?"

हे लिहून घडी घातली आहे, चौकोनी. टाकणार कुठं? एवढंच सांगते बाबा, त्या दिवशी दवाखान्यातलं स्टूल तुमच्या उजवीकडेच होतं. मी ते उचलून डावीकडे नेलं होतं.