इर्माचं पान

एल्क फॉल्स, मिनेसोटा
४ मार्च १९९७

चि. कर्मिट यास ताईचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. निवृत्त झालास तरी डबाबंद सूप पिऊन राहतोस हे वाचून माझं डोकं फिरलं. शिकागोत भाज्या मिळत नाहीत का?

इकडची बातमी चांगली आहे. काल आमच्या बायकांच्या गुंतवणूक क्लबात स्टेनरूड बोट कंपनीचा वार्षिक अहवाल वाचला. आमची पद्धत तुला माहीत आहे: एकेकीला एकेक पान, आणि दुसरीच्या पानावर कुणी बोलायचं नाही. बोर्गहिल्डनं विक्री वाचली, पाचव्या हिश्शानं वाढली. मी नफा वाचला, तोही वाढलाय. ग्लॅडिस म्हणाली, विक्रेत्यांकडून कंपनीचं येणं कधी नव्हे इतकं आहे, म्हणजे मागणी केवढी बघा. रोख रकमेचं पान इर्माचं. ती नाताळात गेली, म्हणून मान राखून ते पान आम्ही मिटलेलंच ठेवलं. पुढच्या महिन्यात आणखी शेअर घ्यायचं ठरलं.

तुझा भावोजी अर्विड खुशीत आहे. एकतीस वर्षं त्यानं तिथे बोटी जोडल्या आणि म्हातारपणाची सगळी पुंजी त्याच शेअरांत आहे. अहवाल सोबत पाठवते. तू बँकेतला, कौतुक तरी कर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
व्हर्नाताई

शिकागो
११ मार्च १९९७

ति. व्हर्नाताईस कर्मिटचा सा. न. वि. वि.

सुपाबद्दलची शिवी पोचली. आता माझं ऐक आणि रागावू नकोस.

तुमचं एकही पान खोटं नाही, पण ती शेजारी शेजारी ठेवून पाहा. विक्री पाचव्या हिश्शानं वाढली आणि विक्रेत्यांकडचं येणं दुप्पट झालं. म्हणजे बोटी गेल्यात, पैसे आलेले नाहीत. गोदामात पडून असलेला मालही दीडपट. कागदावर नफा एक कोटी दहा लाख डॉलर, आणि इर्माच्या पानावर धंद्यातून आलेली रोकड शून्याच्याही खाली, चाळीस लाखांनी. ते भोक नव्या कर्जानं बुजवलंय.

लबाडी आहे असं मी म्हणत नाही. विक्रेत्यांच्या गळ्यात उधारीनं बोटी बांधल्या असतील. पण नफा वर आणि रोकड खाली अशा तीन कंपन्या मी बँकेच्या कर्जखात्यात पाहिल्या. त्यांतल्या दोन बंद पडल्या. तेव्हा बुडणारे पैसे परक्यांचे होते. या वेळी ते घरचे आहेत.

भावोजींना पैसे काढायला सांग, निदान अर्धे तरी. त्यांना राग येईल, येऊ दे.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही असू द्यावा.

तुझा,
कर्मिट

एल्क फॉल्स
४ एप्रिल १९९७

चि. कर्मिट यास अ. आ.

आधी तुझा इतका राग आला की उत्तरच लिहायचं नव्हतं. लहानपणापासून तुला सगळीकडे भोकंच दिसतात, असं अर्विडजवळ पुटपुटले, पण कशाबद्दल ते सांगितलं नाही. मग दुकानाला जाताना बोटींच्या विक्रेत्याच्या अंगणाकडे नीट बघितलं. बर्फाखाली रांगाच्या रांगा, आणि किमतीच्या पाट्या गेल्या वर्षीच्या.

मंगळवारी क्लबात मी इर्माचं पान उघडलं आणि ग्लॅडिसच्या पानाला लावून वाचलं. असं आजवर कुणी केलं नव्हतं. ग्लॅडिस तिच्या लिंबाच्या वड्यांचे तुकडे करत राहिली, पार चुरा होईपर्यंत. मग एकमेकींकडे न बघता सगळ्यांनी विकायच्या बाजूनं हात वर केले. घरी आपापले शेअर आहेत, तेही बऱ्याच जणी विकणार आहेत.

अर्विडला ओट्यापाशी बसवून सगळं दाखवलं. वाटलं होतं, आदळआपट करेल. त्यानं शांतपणे ऐकलं, टोपी घातली आणि ब्रोकरकडे गेला. तासाभरानं आला, हात धुतले, जेवला. त्याला दुखतंय, म्हणून मी खोदून विचारलं नाही. पण माझा जीव भांड्यात पडला.

आमच्यावरची माया अशीच धाकात ठेवणारी असू दे.

तुझी,
ताई

शिकागो
९ एप्रिल १९९७

ति. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. भावोजींपुढे मी टोपी काढतो. मी असतो तर मेहुण्याचं कधीच ऐकलं नसतं. आता कंपनी तरली तर मला खुशाल नावं ठेवा, आनंदानं ऐकून घेईन. आज भाजी आणून शिजवली. करपली, पण खाल्ली.

भावोजींस नमस्कार. जिव्हाळा राहावा.

तुझा,
कर्मिट

एल्क फॉल्स
१४ एप्रिल १९९७

चि. कर्मिट यास अ. आ.

काल जेवताना मी सहज विचारलं, शेअर काय भावानं गेले. अर्विड म्हणाला, गेले नाहीत, आणखी घेतले. आजारपणासाठी बँकेत ठेवलेली ठेव मोडून, सगळीच्या सगळी.

म्हणाला, ब्रोकरच्या दारात गावातल्या बायकांची रांग होती, ग्लॅडिससुद्धा. सगळेच पळाले तर कारखान्यात अजून कामावर असलेल्या पोरांनी काय समजायचं? गावातल्या एकानं तरी घ्यायला नको का? तुझे आकडे त्याला कळले नाहीत असं नाही. पाठच म्हणून दाखवले. म्हणाला, कर्मिटचं बरोबर आहे, म्हणूनच घेतले.

मला ओरडता आलं नाही. तो सुखानं जेवत होता, परत वाढून घेत होता. रांगेतल्या त्या बायकांना तिथे मीच पाठवलं होतं रे.

आता विक म्हणून सांगितलं तर ऐकणार नाही. मला फार भीती वाटते. तुझं गणित कधी चुकत नाही हे मला माहीत आहे. तरी अहवाल परत एकदा बघ. कुठे चुकला असशील तर तेवढंच लिही, बाकी काही लिहू नकोस.

वाट बघते.

तुझी,
ताई