दुकानाला कुठलं शेपूट लावू?

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे आठातली पाचच अंगं टेकली. उरलेली तीन बरं वाटलं की.) भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढताना कुरकुरला म्हणून घाबरू नका, माझ्याकडे येणारी निम्मी मशीनं त्याहून जास्त कुरकुरतात आणि तरी झग्याला झालर लावून देतात. तू चष्मा बदललास का? नसशील बदलला तर हे पत्र खिडकीशी बसून वाच, कारण लांबणार आहे. फोन का नाही केलास, असं तू विचारशीलच. तर फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणतेस, आणि माझा मुद्दा चार पानांच्या आत मला स्वतःलाही सापडत नाही.

इकडे मी एका संकटात सापडलोय. शिवणशाळेची साठ मशीनं बाबांच्या वेळेपासून आपण दरवर्षी उघडून, पुसून, तेलपाणी करून देतो, हे तुला ठाऊकच आहे. यंदा तिथे नव्या मुख्याध्यापिका आल्या. बाई फार शिस्तीच्या. त्यांनी फर्मान काढलं की यापुढे काम हवं असेल त्याने संगणकावर अर्ज भरायचा, आणि अर्जात दुकानाची वेबसाइट आणि त्याच नावाचा ईमेल महिनाअखेरच्या आत द्यायचा. मी म्हटलं, बाई, तीस वर्षं तुमच्या मशीनांच्या पोटात माझे हात आहेत, आता वेबसाइट कशाला? त्या म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम." ताई, ही साठ मशीनं म्हणजे आपलं अर्धं वर्ष. हल्ली लोक मशीन बिघडलं की दुरुस्त करत नाहीत, फेकून देतात. शाळेचं काम गेलं तर बाबांचं दुकान माझ्या हातून बंद पडेल, आणि या एका विचाराने मला जेवण गोड लागत नाही. (दोन पोळ्या खातो, पण मन लागत नाही.)

चौदा वर्षांपूर्वी तू "दुकानाचं नाव इंटरनेटवर घेऊन ठेव" म्हणाली होतीस आणि मी सगळ्या पाहुण्यांसमोर "सुईत दोरा काय संगणक ओवणार आहे का?" म्हणून हसलो होतो, ते मला आठवतंय. तू त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस तेही आठवतंय. तेवढं आता उकरू नकोस.

तर मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. हा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या प्रती काढतो, त्यामुळे जगातलं सगळं आपण वाचलंय अशी त्याची समजूत झाली आहे. त्याने आपल्या दुकानाचं नाव, 'सरळटाका डॉट कॉम', टाकून बघितलं, तर काय, नाव आधीच कोणीतरी घेतलेलं! पांढरं पान, आणि मधोमध एकच ओळ : 'ही जागा धरलेली आहे.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबांनी ठेवलेलं नाव, आणि बसलंय कोण तर एक बिननावाचा माणूस. (मालकाचं नाव ही नावं विकणाऱ्या कंपनीने झाकून ठेवलंय.) बरं, धरली तर धरली, बसायचं तरी! आपणही लहानपणी जागा धरायचो, पण कुणीतरी यायचं असायचं म्हणून. तू शाळेतून आधी सुटायचीस, बसमध्ये खिडकीपाशी रुमाल टाकायचीस, आणि मी धापा टाकत पोचलो की तोच रुमाल उचलून चारचौघांत माझं नाक पुसायचीस. त्याला काही अर्थ होता. (नाक पुसण्याला नव्हता.)

झेरॉक्सवाला म्हणाला, "काका, कॉम म्हणजे जुन्या लोकांचं. आता हजार नवी शेपटं निघाली आहेत, हवं ते लावा." आणि त्याने मला यादी दाखवली. डॉट शॉप, डॉट ऑनलाइन, डॉट रिपेअर, डॉट क्लब, डॉट गुरू. एक डॉट निन्जासुद्धा आहे. ते म्हणजे काळे कपडे घालून भिंतीवरून उड्या मारणारे लोक, असं त्याने समजावलं. मी म्हटलं, माझी पाठ बघ आणि मग बोल.

आधी डॉट शॉप घेतलं. म्हटलं दुकान आहे, तर दुकानाचं शेपूट. मोठ्या हौसेने बोर्डवाल्याला चिठ्ठी लिहून दिली आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर त्याने सुंदर पिवळ्या अक्षरांत रंगवलंय, 'सरळटाका डॉट शॉप डॉट कॉम'. मी कपाळावर हात मारला. तर तो शिडीवरून म्हणतो, "तुम्ही घाईत कॉम विसरला होतात, मी भरून घेतलं. जागा जरा कमी पडली, पण बसवलं." त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला ओरडवेना. उलट मी थँक्यू म्हणालो. आता बोर्डाच्या खालच्या पट्टीवर पांढरा रंग मारून ठेवलाय आणि तो रोज जाता-येता "ठरलं का?" विचारतो.

मग डॉट ऑनलाइन. ते फोनवर सांगून बघितलं. आपल्या जुन्या गिऱ्हाईक आहेत ना, परकर शिवणाऱ्या मावशी, त्यांना म्हटलं, लिहून घ्या, सरळटाका डॉट ऑनलाइन. त्या म्हणाल्या, "ऑनलाइन आहे ते कळलं हो, पण डॉटच्या पुढे काय?" मी म्हटलं, ऑनलाइन. त्या म्हणाल्या, "अहो, ऑनलाइनच, पण पुढे?" असं आम्ही भाजी करपेपर्यंत खेळलो. (भाजी त्यांची करपली. बोलणी मला बसली.)

शेवटी डॉट रिपेअर. हे मला मनापासून आवडलं होतं ताई, खोटं कशाला बोलू. पण शाळेच्या अर्जात तो ईमेल भरला की लाल अक्षरं येतात, 'पत्ता चुकीचा आहे'. सात वेळा भरला, सात वेळा लाल. शाळेत जाऊन कारकुनाला दाखवलं. तो म्हणाला, त्यांचा अर्ज जुना आहे, त्याला नवी शेपटं ओळखू येत नाहीत, त्याला कॉमच लागतो. मी म्हटलं, अर्ज दुरुस्त करा. तो म्हणाला, तो करणारा माणूस सोडून गेला. म्हणजे बघ, मी दुरुस्तीवाला, माझ्या पत्त्यात दुरुस्ती, आणि अर्ज दुरुस्त करायला जगात माणूस नाही!

तेव्हा पुन्हा त्या जागाबळकाव्याकडेच वळणं भाग होतं. त्याच्या पानावर निरोप धाडायची सोय आहे. पहिला निरोप मी अतिशय नम्रपणे लिहिला. उत्तर नाही. दुसरा जरा कडक. उत्तर नाही. तिसऱ्याच्या वेळी मात्र माझं डोकं फिरलं. मी लिहिलं की तुमच्या आईवडिलांनी तुमच्यावर काही संस्कार केले की नाही? तुमच्या घरात कान पिळणारं कुणी थोरलं माणूस नाही का? माझी ताई तुमच्या घरात असती तर तिने तुम्हाला दोन दिवसांत वठणीवर आणलं असतं! (तुझं नाव घेतलं म्हणून रागावू नकोस, दुसरी दहशत मला माहीत नाही.) तर त्यावर या माणसाने काय उत्तर धाडावं? 'जागा ज्याची आहे त्यालाच मिळेल. आधी नाक पुसून या.' बघ! चोर तो चोर, वर शिरजोर! मी हे वाचून दाखवलं तर तुझी भावजय रागवायचं सोडून पदर तोंडाला लावून आत निघून गेली. हल्ली तिला माझं काही वाटेनासंच झालंय.

तर आता तूच सांग, कुठलं शेपूट लावू? का शाळेचा नाद सोडू? तू आपल्यात सगळ्यात शहाणी. तेव्हा ऐकलं नाही, आता ऐकेन.

भावोजींना नमस्कार. उत्तर लवकर धाड.

तुझा आज्ञाधारक (हसू नकोस) धाकटा

ता. क. : पत्र पाकिटात घालणार तोच तुझ्या भावजयीने ते ओढून घेतलं, वाचलं आणि मटकन खाली बसली. आधी वाटलं चक्कर आली. हसत होती. मग म्हणाली, ती जागा ताईंनी धरली आहे. मी हसलो होतो त्याच आठवड्यात. चौदा वर्षं दरवर्षी पैसे भरून एकदाही सुटू दिली नाही. आणि "तो स्वतः मागेपर्यंत बोलायचं नाही" अशी शपथ या बाईला घालून ठेवली होती. आता माझी अवस्था काय सांगू! मी ज्यांच्या संस्कारांची चौकशी केली ते आपलेच आईबाबा निघाले! पत्र फाडून नवं लिहिणार होतो. ही म्हणाली, "असंच पाठवा, ताईंना महिनाभर पुरेल."

आणखी एक ता. क. : ताई, चुकलो मी. तेव्हाही आणि परवाही. फोनवर मला हे म्हणता आलं नसतं. जागा तुझ्याच नावावर राहू दे, फक्त जरा सरक, मी शेजारी बसतो. महिनाअखेरच्या आधी दोन दिवस काढून ये. बोर्डाची खालची पट्टी अजून पांढरीच आहे. बोर्डवाल्याला सांगितलंय, शेवटचं शेपूट ताईच्या हातचं. आणि येताना रुमाल आण. मला पडसं झालेलं नाही, तरी आण.

तुझा,
शेंबड्या