येतं त्याने उजवा हात

अब्बा, तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. घरात तुम्ही होतात आणि वर्गातही तुम्हीच, मग लिहायचं कुणाला? आता तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी इथे दुबईपलीकडच्या फुजैऱ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. आज शुक्रवार, शाळा अर्ध्या दिवसाची. तुमचे जावई जुम्म्याला गेलेत, तुमची नात आत टॅबमध्ये डोकं घालून बसलीय आणि कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात. या दोघांनाही तुम्ही पाहिलं नाहीत. खिडकीतून समुद्र दिसतो आणि त्यात तेल भरून घ्यायला थांबलेली जहाजं, आठ-आठ दिवस एकाच जागी. आपल्या खाडीत एवढं मोठं काही कधी आलं असतं तर अख्खा गाव बघायला लोटला असता. इथे पहिल्या आठवड्यानंतर कुणी मान वर करून बघत नाही.

मी इंग्रजीची टीचर झाले, अब्बा. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, नवी कोरी. तुमच्या मागे बी.एड. केलं खरं, पण लग्न करून इथे आले आणि तो कागद कपाटात पिवळा पडत राहिला. जावई जहाजांना सामान पुरवणाऱ्या कंपनीत होते. गेल्या वर्षी ती कंपनीच बंद झाली. मग मी तो कागद काढला, त्यावर शिक्के मारून आणले आणि इथल्या एका इंडियन शाळेत सहावीला लागले. आता घरातल्या तिघांचे व्हिसे माझ्या नोकरीवर आहेत, आणि नोकरी होती सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही विचाराल की असं का केलंस. तुम्ही विचारणार नाही, हे मला कळतं. तरी सांगते.

पहिल्याच आठवड्यात मुलांनी माझी परीक्षा घेतली. मी 'व्हेजिटेबल' तुम्ही शिकवलात तसा म्हटला, एकेक अक्षर सुटं करून, आणि वर्गात खसखस पिकली. "मिस, नोबडी सेज इट लाइक दॅट," पुढच्या बाकावरची एक पोर म्हणाली, अगदी प्रेमाने. इथली पोरं उद्धट नाहीत, पण इंग्रजी त्यांच्या तोंडात पाण्यासारखं आहे आणि आपण ते दगडावर घासून घासून मिळवलेलं. तुम्ही तर रेडिओच्या बातम्या ऐकून उच्चार पाठ केलेत आणि खेड्यातल्या पोरांना इंग्रजी वाचायला लावलंत. मला तुमचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी लाजही वाटली. घरी येऊन मी आरशासमोर तो शब्द वीस वेळा म्हटला.

त्याच वर्गात ती होती. श्रीवर्धनकडची मुलगी, गावच्या शाळेतून थेट इथे आलेली. बाप बंदरात बार्जवर कामाला. खिडकीजवळच्या बाकावर बसायची आणि दप्तर मांडीवरच ठेवायची, कुणी उठ म्हणालं तर लगेच निघता यावं तसं. शाळेचा नियम फक्त इंग्रजी बोलायचा. पण पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला कॉरिडॉरमध्ये विचारलं, "डबा खाल्लास का गं?" तिने मान वर केली, आणि तो चेहरा मी विसरणार नाही. त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी यायची आणि हळू आवाजात मराठीत काहीबाही सांगायची. गावचं मांजर, आजीचे गुडघे, इथे घरात दोन एसी आहेत पण खिडकी उघडायची नाही. माझाही दिवसातला तेवढाच वेळ बरा जायचा. वर्गात मात्र ती गप्प. विचारलं की उभी राहायची आणि ओठ हलायचे, आवाज नाही.

फेब्रुवारीत तपासणी येणार म्हणून शाळा हलली. भिंतींवर नवे तक्ते, वह्यांना नवी कव्हरं. आमच्या सुपरवायझर मॅडम केरळच्या, माणूस वाईट नाही, पण तपासणीच्या आधी त्यांचं ब्लडप्रेशर वाढतं. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, "देखो मॅम, क्लास डल नहीं दिखना चाहिए. वीक बच्चों का क्या करना है, आप देख लो. प्रोबेशन आपका है, मेरा नहीं." मी "इन्शाल्ला, मॅम" म्हणून बाहेर पडले. कॉरिडॉरमध्ये चालता चालता मला तुम्ही आठवलात. आठवलात म्हणजे काय, तुमची युक्ती आठवली.

तुमच्या शाळेतली आठवी. उद्या तपासणीला साहेब यायचेत आणि तुम्ही खडू हातात घेऊन सांगताय, "प्रश्न विचारला की हात सगळ्यांचे वर. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. झाकली मूठ सव्वा लाखाची." सगळा वर्ग हसतो. तुम्ही उजव्या हातवाल्यांनाच उठवणार आणि साहेबांना दिसणार की वर्ग कसा उसळतोय. त्या संध्याकाळी अम्मी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती, तुम्ही पाटावर बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणालात, "उद्या तू डावा वर कर." मी म्हटलं, "पण मला येतंय, अब्बा." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "येत असलं तरी. मास्तरची पोरगी धडाधड बोलली की साहेब म्हणणार घरी पढवून आणलीय. हात दाखवून अवलक्षण कशाला?" अम्मी म्हणाली, "पोरीला एकदा बोलू द्या की." तुम्ही ऐकलं नाहीत. डाव्या हाताने कुणाला पाणी देऊ नकोस, डाव्या हाताने घास घेऊ नकोस, असं मला लहानपणापासून बजावणारे तुम्ही. दुसऱ्या दिवशी मी पूर्ण तास डावा हात वर करून बसले. साहेबांनी विचारलेलं सगळं मला येत होतं. तुमची नजर दर वेळी माझ्यावरून सरकून मागच्या बाकावर गेली. घरी येताना तुम्ही एसटी स्टँडवरच्या बेकरीतून मला नानकटाई घेऊन दिलीत, एकटीला, आणि मी ती खाल्ली. त्यानंतर मी तुमच्या वर्गात कुठलाच हात वर केला नाही. दोन महिन्यांनी तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "तोंड शिवलंय का तुझं?" मी खाली बघत राहिले. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. त्या वेळी विचारायची हिंमत नव्हती, आणि नंतर राग धरून बसायची इतकी सवय झाली की उत्तर नकोच होतं.

आणि तरी, अब्बा, मी तीच युक्ती इथे शिकवली. मुलांना खेळ वाटला. "मिस, इज इट लाइक अ सीक्रेट कोड?" मी म्हटलं, येस. श्रीवर्धनच्या मुलीला मात्र मी मधल्या सुट्टीत वेगळं बोलावलं आणि मराठीत सांगितलं, "तू डावा वर कर हं. घाबरू नकोस, तुला कुणी काही विचारणार नाही." तिने विचारलं, "मिस, आणि आलं तर?" मी घाईत होते. म्हटलं, "अगं, तुला कशाला उगाच टेन्शन?" मी तिच्यावर उपकार करतेय असंच मला वाटत होतं.

तपासणीच्या बाई अबाया घातलेल्या, हातात फाइल, मागे खुर्ची टाकून बसल्या. धडा होता एका कोळ्याचा, ज्याचं जाळं फाटतं. मी पहिला प्रश्न विचारला आणि चौतीसच्या चौतीस हात वर गेले. बाई कौतुकाने हसल्या. मी उजवे हात शोधत नजर फिरवली, आणि तिचा उजवा हात वर होता. ताठ, कोपर कानाला चिकटलेलं. मला वाटलं, भीतीने गोंधळली पोर, कुठला हात ते विसरली. मी तिच्या पुढच्या मुलाला उठवलं. दुसरा प्रश्न, पुन्हा तिचा उजवा. आता ती माझ्याकडे बघत होती, आणि जे गोंधळलेले असतात ते असे बघत नाहीत. तेही मला तेव्हा दिसलं. पण ती उभी राहिली आणि ओठ नुसते हलले तर? बाई मागे बसून लिहीत होत्या आणि मला माझ्या घरातले तीन पासपोर्ट दिसत होते. तिसऱ्या प्रश्नाला मी नजर तिच्यावरून सरकवली. कशी सरकवायची ते मला शिकावं लागलं नाही. चौथ्या प्रश्नाला तिने उजवा हात खाली घेतला, क्षणभर बाकावर ठेवला, आणि डावा वर केला.

तास संपल्यावर बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "सो मेनी लेफ्टीज इन युअर क्लास, माशाल्ला." त्यांना कळलं होतं की त्या सहज बोलल्या, अल्ला जाणे. रिपोर्टमध्ये आलं की मुलं उत्साहाने भाग घेतात.

मधल्या सुट्टीत ती आली नाही, मीच तिच्या बाकापाशी गेले. म्हटलं, "अगं, मला वाटलं तू चुकून उजवा वर केलास." ती दप्तराचा पट्टा ओढत म्हणाली, "चुकून नाही, मिस. मला येत होतं. चार दिवस पाठ केलं. अब्बू ड्युटीवरून येऊन ऐकून घ्यायचे." मग म्हणाली, "आमच्या घरचं पण जाळं फाटतं ना, मिस, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं." मी म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की विचारेन हं." ती म्हणाली, "ओके, मिस." त्या दिवसापासून ती माझ्याशी मराठीत बोलली नाही. येस मिस, नो मिस, थँक्यू मिस. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "देखा? अब इंग्लिश में आन्सर करती है. गुड वर्क." आणि मी साध्या तासाला, ज्यात कसली युक्ती नव्हती, नुसतं विचारलं की होमवर्क कुणी कुणी केलंय, तरी तिचा हात वर व्हायचा तो डावा. वही बघितली तर होमवर्क पूर्ण.

मला पर्मनंटचं लेटर आलं. जावयांनी मटण आणलं, नातीने "मॉम, यू डिड इट" म्हणून मिठी मारली, आणि मी त्या दिवशी पोटभर जेवले. श्रीवर्धनच्या मुलीला वर्गासमोर बोलायला लावायचं मी मनात ठरवलं होतं. आज पोर्शन राहिलाय, उद्या युनिट टेस्ट आहे, असं करत आठवडे गेले. मग एका सकाळी तिची आई टीसीचा अर्ज घेऊन आली. बापाचं काँट्रॅक्ट संपलं होतं. तो पुढे दुसरीकडे बघणार होता आणि मायलेकी गावाला. "खलास झालं इथलं, टीचर," आई म्हणाली, जशी काही बाजारातली भाजी संपली. "तुमचं नाव घेते हां ती घरी. आमच्यातल्या मिस आहेत म्हणायची."

शेवटच्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला. वर्गाला गप्प बसवलं आणि तिला म्हटलं, ये पुढे, त्या कोळ्याची गोष्ट आम्हाला सांग, तुझ्या शब्दांत, हवा तेवढा वेळ घे. ती आली. फळ्याजवळ उभी राहिली. बाकीची तेहतीस मुलं बघत होती, कुणी हसत नव्हतं. तिने माझ्याकडे नीट बघितलं, ओठ हलवले नाहीत की काही नाही, स्वच्छ मोठ्या आवाजात म्हणाली, "आय डोन्ट नो, मिस," आणि जागेवर जाऊन बसली. तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यात सुंदर इंग्रजी होतं, एकही अक्षर डळमळलं नाही.

अब्बा, तुम्हालाही नोकरीची भीती होती का? पाच माणसं तुमच्या पगारावर, आणि ती शाळा कधी बंद होईल याचा नेम नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं म्हणून माझा राग गेला असं म्हणायला हवं, पण नाही गेला. उलट आता तो आपल्या दोघांवर आहे. हे पत्र मी कुठे टाकणार? कबरस्तानात आम्हा बायकांना आत येता येत नाही, मी सुट्टीला आले की गडग्याबाहेर उभी राहून फातेहा वाचते आणि परत फिरते. जावई येतीलच इतक्यात. कागद घडी करून पिठाच्या डब्यामागे ठेवते, तिथे कुणी हात घालत नाही. एकच राहिलं. ती "आय डोन्ट नो" म्हणाली ना, तेव्हा आधी मला वाईट वाटलं नाही. आधी हायसं वाटलं, की बघा, तिला येत नव्हतंच.