अंगठ्यापुरतं इमल्शन

२ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. रंगाच्या कारखान्यात दर्जा विभागात बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहिल्या. आता लवकर निवृत्ती मिळालीच आहे, तर स्वतःचं यश लिहावं म्हणतो.

निमित्त, बायकोचे हात. काल ऑफिसच्या अंगठ्याच्या मशीनने हिला पुन्हा ओळखलं नाही. कातडी इतकी फाटली आहे की अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत. सगळ्यांच्या आधी पोचली आणि हजेरीत गैरहजर. पुढच्या महिन्यात विभागप्रमुखाची निवड आहे. नवे साहेब माणूस बघत नाहीत, हजेरीचा तक्ता बघतात. काल जेवताना हिचे डोळे भरून आले. ही सहसा रडत नाही, रडवते. भांडी घासून घासून हातांची चाळण झाली म्हणाली.

मी लगेच मुद्दा पकडला. लोशन!

बाजारातलं नाही. घरचं, शुद्ध, नैसर्गिक. तेल आणि पाणी एकत्र नांदवणं हे तर माझं आयुष्यभराचं काम. इमल्शन ते इमल्शन, भिंतीला लावा नाहीतर हाताला.

३ नोव्हेंबर
मुलीला फोनवर सांगितलं. ती फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. आनंद होईल असं वाटलं होतं. तिने यादीच वाचली. लोशनमध्ये पाणी असलं की प्रिझर्वेटिव्ह हवंच, नाहीतर जंतूंची वसाहत होते. सगळं वजन करून घ्यायचं, अंदाजे चमच्याने नाही. थर्मामीटर हवा. बरण्या उकळून कोरड्या ठणठणीत करायच्या. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबायचं, म्हणजे पॅच टेस्ट. बरणीवर तारीख लिहायची.

ऐकून घेतलं. पोरगी हुशार आहे, पण सगळं पुस्तकी. ती जन्मायच्या आधीपासून मी बॅच पास करतोय. तरी तिचं मन मोडू नये म्हणून शेवटची सूचना मान्य केली. संध्याकाळ लेबलं बनवण्यात गेली. सुरेख झाली आहेत.

५ नोव्हेंबर
बॅच एक. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, बदामाचं तेल, मेण. लागलेली भांडी: दोन्ही मोठी पातेली, दुधाचं पातेलं, गाळणी, मिक्सरची दोन भांडी, झारा. झारा का लागला ते आता आठवत नाही.

मिक्सरमधून काय निघालं म्हणता! पांढरंशुभ्र, घट्ट, लोण्यासारखं. जॅमच्या रिकाम्या बरण्यांत भरलं. उकळायची गरज वाटली नाही. जॅम आम्ही चाटूनपुसून खाल्ला होता.

ऑफिसातून आल्यावर भांडी हिने घासली. मेण निघता निघेना. उकळतं पाणी आणि ती कडक पावडर वापरावी लागली. बराच वेळ लागला. तोवर मी हे लिहिलं.

६ नोव्हेंबर
रात्रीतून वर तेल, खाली पाणी. घाबरण्यासारखं काही नाही, रंगही डब्यात बसतोच. लेबलवर ओळ वाढवली: वापरण्यापूर्वी चांगले हलवा.

मुलगी म्हणते, मेणाला तेल-पाणी बांधून ठेवता येत नाही, त्यासाठी वेगळं इमल्सिफाइंग वॅक्स मिळतं. म्हटलं, बघू. ही म्हणते, बरणी हलवून हलवून मनगट गेलं. आजकाल व्यायाम कुणालाच नको.

खालच्या मजल्यावरच्या वकिलांना एक बरणी नमुना म्हणून दिली.

९ नोव्हेंबर
ही लोशन लावून ऑफिसला गेली. अंगठा मशीनवरून घसरला. मग मागच्या कुणाचाच अंगठा लागेना. काचेवरचा थर निघेचना. सगळा विभाग रांगेत उभा, आणि शेवटी साहेब स्वतः गैरहजर लागले. हिच्या मते ही वाईट बातमी आहे. मी एवढंच म्हणालो की चिकटण्याची क्षमता तरी सिद्ध झाली.

 त्यानंतर भांडी जोरात वाजली.

१३ नोव्हेंबर
बरणीत हिरवट ठिपके. कोरफडीचा अंश वर येतोय असं दिसतं. शेड छान आहे, आमच्याकडे हॉलसाठी खूप खपायची. वास थोडा आंबूस. मुरत असावं.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
मुलीला व्हिडिओ कॉलवर ठिपके दाखवले. किंचाळली. म्हणाली, बाबा, ती बुरशी आहे, आत्ताच्या आत्ता फेका. आईच्या भेगांमध्ये गेलं तर हात पिकेल. दिसत नाही तेव्हासुद्धा त्यात जंतू असतात, नैसर्गिक म्हणजे सुरक्षित असं कुणी सांगितलं तुम्हाला?

कुणी सांगितलं नव्हतं. मलाच वाटत होतं.

माल बाजारातून परत मागवला, म्हणजे वकिलांकडे गेलो. त्यांनी टकलावर लावलं होतं. टक्कल लाल आणि चकचकीत दिसत होतं. मी बरणी परत मागितली, तर पुरावा म्हणून ताब्यात ठेवतो म्हणाले. हसून म्हणाले की गंभीरपणे, ते कळलं नाही. वकिलांचं तसंच असतं.

१४ नोव्हेंबर
ही सोफ्यावर झोपली होती, हात उताणे. पहिल्यांदा नीट बघितले. अंगठ्याला दोन भेगा, एकीत रक्त सुकलेलं. मला फार वाईट वाटलं. हेच हात घेऊन ही रोज मशीनसमोर उभी राहते आणि मशीन म्हणतं, तू आलीच नाहीस.

आता माघार नाही. बॅच दोन. चहा टाकणार होतो हिच्यासाठी, पण एकही पातेलं स्वच्छ नव्हतं.

१७ नोव्हेंबर
बॉडी बटर! शिया बटर, खोबरेल, बदामाचं तेल. पाण्याचा थेंब नाही, म्हणून प्रिझर्वेटिव्हची कटकट नाही. मुलगीसुद्धा म्हणाली, हे चालेल, फक्त ओल्या हाताने काढू नका. तिचा पहिला होकार. पुढे ती म्हणत होती की गरम पाण्यावर ठेवून हळू वितळवा, मग पटकन गार करा आणि फेटा, सुगंधी तेल थेंब मोजून घाला. पण होकार मिळाल्यावर पुढचं ऐकत बसणं माझ्या स्वभावात नाही.

सरळ गॅसवर वितळवलं. गार व्हायला बाल्कनीत ठेवून जरा पडलो. लिंबाचं तेल घातलं, भरपूर. प्रसन्न वास.

१८ नोव्हेंबर
बटरमध्ये दाणे. बारीक रव्यासारखे. लेबल बदललं: बॉडी स्क्रब.

हिने भेगांवर लावलं. हिचा आवाज वकिलांपर्यंत गेला. ते चौकशीला वर आले. वहीसुद्धा घेऊन आले होते.

मुलीला कळवलं. जखमेवर लिंबाचं तेल! एवढंच म्हणाली आणि फोन आईला द्यायला सांगितला. दोघी बराच वेळ बोलल्या. माझं नाव ऐकू आलं नाही, पण विषय मीच असावा.

१९ नोव्हेंबर
सिंक तुंबलं. प्लंबर बोलावला. त्याने पाइपमधून पांढरा गोळा काढला, एकही दाणा नसलेला, रेशमासारखा. माझ्या कुठल्याही बॅचपेक्षा सरस. काय प्रक्रिया झाली असेल आत?

पाणी वाहतं झाल्यावर दोन दिवसांची भांडी हिने एकदम घासली.

२२ नोव्हेंबर
आता पुस्तकाप्रमाणे. मोठ्या मनाचा माणूसच दुसऱ्याचं ऐकतो. वजनकाटा आणला, इमल्सिफाइंग वॅक्स आणलं, प्रिझर्वेटिव्ह आणलं, थर्मामीटर आणला. बरण्या उकळल्या. पाणी उकळलेलं, गार केलेलं. बॅच तीन जमली! दिवसभर फुटली नाही.

पॅच टेस्टसुद्धा केली. हॉलच्या भिंतीवर, दाराशेजारी, एक हात. सुकायला वेळ घेते, पण सलग बसते.

२३ नोव्हेंबर
मुलगी म्हणते, पॅच टेस्ट माणसावर करतात. भिंतीवरचा तेलकट डाग आता जाणार नाही. तिथे कॅलेंडर लावलं. हिने विचारलं, नोव्हेंबर संपत आला, आता कॅलेंडर? म्हटलं, उशीर झाला तरी हरकत नाही.

आणखी एक. प्रिझर्वेटिव्ह मी उकळत्या मिश्रणात घातलं होतं. ते सोसेल तेवढं कोमट झाल्यावर घालायचं असतं म्हणे, नाहीतर त्याचा उपयोगच राहत नाही. मुलीने विचारलं, थर्मामीटर होता ना? होता. खोक्यात होता.

बॅच तीन फेकली. फेकताना जीव तुटला. एवढी चांगली लेबलं!

२६ नोव्हेंबर
बॅच चार. थर्मामीटर खोक्याबाहेर काढला. तोलून, मापून, कोमट झाल्यावर. पॅच टेस्ट स्वतःच्या कोपरावर. एक दिवस शर्टाची बाही गुंडाळून बसलो, कुणी काय झालंय म्हणून विचारलं तर सांगता यावं म्हणून. कुणी विचारलं नाही.

२७ नोव्हेंबर
कोपर उत्तम. लोशन खरोखर उत्तम. मुलगी म्हणाली, बाबा, शाबास. बावीस वर्षांत मला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. बॅच पास झाली की कुणी बोलत नाही, नापास झाली की सगळे बोलतात.

हिच्या अंगठ्याला मी स्वतः लावलं. ही म्हणाली, छान वाटतंय. खोटं बोलत नव्हती. दहा मिनिटं तशीच बसून राहिली, मग उठून बॅच चारची भांडी घासायला गेली. वॅक्सला उकळतं पाणीच लागतं.

३० नोव्हेंबर
अंगठा आजही लागला नाही. या आठवड्यात सलग! मला कळत नाही. फॉर्म्युला अचूक, बॅच स्थिर, वापर रोजचा. दोष मशीनचा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं. साहेबांना पत्र लिहायला घेतलं होतं. हिने फाडलं.

मुलीने एकदम कडक आवाजात सांगितलं: उद्या आईला त्वचेच्या डॉक्टरकडे न्या. वेळ घेऊन ठेवली आहे.

१ डिसेंबर
डॉक्टरीणबाई शांत आहेत. हिचे हात उलटसुलट बघितले. दिवसभरात हात पाण्यात किती वेळ असतात, विचारलं. हिने सांगितलं. साबण कोणता, विचारलं. हिने पावडरचं नाव सांगितलं. दोन माणसांच्या घरात एवढी भांडी कशी, विचारलं. हिने सगळं सांगितलं. झाऱ्यासकट.

मग डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

मी बॅच चार पुढे केली. त्यांनी लेबल वाचलं, वास घेतला, बोटावर घेतलं, चांगलं केलंय म्हणाल्या. मी म्हटलं, तेवढं कागदावर लिहून द्या. त्यांनी कागदावर लिहिलं ते असं: महिनाभर हात साबणाच्या पाण्यात घालू नयेत. भांडी दुसऱ्याने घासावीत, ग्लोव्ह्ज घालून. आणि एक ट्यूब.

घरी येताना ही म्हणाली, दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. मी विचारलं, यात म्हैस कोण?

२ डिसेंबर
शांतपणे विचार केला. बॅच चारची परीक्षा निर्दोष व्हायची तर हिचे हात पाण्यापासून दूर ठेवणं शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक आहे. म्हणून प्रयोगाची शिस्त म्हणून भांडी मी घासणार. ही हो म्हणाली. फार पटकन हो म्हणाली.

ग्लोव्ह्ज नाही घातले. त्यातून भांडं हाताला कळत नाही. आणि कारखान्यात थिनरने हात धुतलेला माणूस मी, साबणाला काय घाबरतो!

५ डिसेंबर
एका वेळच्या जेवणाला एवढी भांडी? हिला विचारलं, कढई रोज कशाला हवी? ही हसली. कितीतरी दिवसांनी हसली, त्यामुळे बरंही वाटलं आणि रागही आला.

१० डिसेंबर
लागला! पहिल्या फटक्यात! हिने ऑफिसातून फोन केला, हजर, हजर, असं दोनदा म्हणाली. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

बॅच चार. दुसरं काय! ट्यूबही चालू आहे, पण ती पूरक म्हणून धरली पाहिजे.

१५ डिसेंबर, संध्याकाळ
ही विभागप्रमुख झाली! साहेब म्हणाले की नोव्हेंबरचा तक्ता त्यांनी धरलाच नाही. त्या दिवशी मशीनने त्यांनाही गैरहजर ठरवलं, तेव्हाच त्यांना कळलं की तक्त्यावर विसंबू नये. म्हणजे बारकाईने पाहिलं तर बॅच एकचासुद्धा वाटा आहे. हे मी हिला जेवताना समजावून सांगितलं. हिने आणखी एक पोळी वाढली आणि विषय संपवला.

बॅच चारच्या बरणीचा फोटो काढून मुलीला पाठवावा, खाली लिहावं, सिद्ध. भांडी अर्धी टाकून हात पुसले, फोन घेतला, अंगठा लावला. लागला नाही. पुन्हा पुसून लावला. ओळख पटली नाही, म्हणाला. दुसरा अंगठा लावला. पासवर्ड टाका, म्हणाला. पासवर्ड आठवेना.

दिव्याखाली अंगठा धरून बघितला. दोन भेगा.

हिला हाक मारली, पासवर्ड विचारला. हिने माझा हात हातात घेतला, उताणा केला, बराच वेळ बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं की हसू, सांगता येत नाही. मग आतून ट्यूब आणली. मी म्हटलं, ट्यूब नको, बॅच चार दे.

बॅच चार कधीच संपली, म्हणाली. कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीला लावली. पहिल्याच दिवशी दार बोलायचं थांबलं.

आणि पासवर्ड? आधी कढई घासा, मग सांगते.