केळीला नापास

आबा, माझी नोकरी संपली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. धुळ्याच्या या घरात आपल्या बोलीत माझ्याशी बोलणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी मातीच्या पाहणीवर आपल्याच शिरपूर भागात होतो आणि तुम्हाला केळीचा ध्यास लागला होता. सावद्याच्या बागा पाहून आलात ते गाडीभर कंद घेऊनच. नाल्याकाठच्या वावरात ते लावायचे ठरले. आईला तर तुम्ही लावण्याआधीच घड मोजून दाखवत होतात.

त्याच आठवड्यात तुम्ही माझी भाकरी घेऊन आमच्या तंबूत येता. टेबलावर विमानातून काढलेले आपल्या शिवाराचे फोटो आहेत. दोन फोटो शेजारी ठेवून वरच्या भिंगांतून पाहिलं की जमिनीचे चढउतार उठून दिसतात. तुम्ही डोळे लावता आणि दचकून मागे सरता. "अरे, डोंगर उभा राही गया!" मग पुन्हा वाकून विचारता, "आपलं वावर कोठे शे?" मी बोट ठेवतो. नाल्याच्या कडेने ते फिकट दिसत असतं.

नुसत्या फोटोवर भागत नाही, खड्डा घ्यावाच लागतो. दुसऱ्या दिवशी कुदळ तुम्हीच घेतलीत. हातभर खाली घट्ट, चिकट चोपण माती लागली. खड्ड्यात ओतलेलं पाणी मुरेचना. माझे साहेब काठावर उभे होते. त्यांच्यादेखत तुम्ही विचारलंत, "बोल भाऊ, मनं वावर पास व्हयनं का नापास?"

"ज्वारीला पास आहे, आबा. केळीला नापास. मुळं कुजतील."

साहेब हसले. तुम्ही वर येण्यासाठी माझ्याकडे हात केलात आणि म्हणालात, "तू बी याच वावरनी ज्वारी खाईसन मोठा व्हयना. तुले कोन नापास करी?"

संध्याकाळी कंदांची गाडी नाल्यापलीकडच्या शेजाऱ्याकडे गेली. त्याची बाग पुढे चांगली झाली. तुम्ही शेवटपर्यंत ज्वारीच पेरलीत, आणि त्या खड्ड्याविषयी आपण पुन्हा बोललो नाही. मातीचा तो निकाल तुम्हाला पटला होता, की परक्या माणसासमोर मुलाचा शब्द खाली पडू नये म्हणून तुम्ही हौस सोडलीत? आता हे सांगू शकेल असं कोणी नाही.

जन्मभर मी शेतकऱ्यांना सांगत आलो, माझं ऐकू नका, मातीचं ऐका. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो: तुम्ही मात्र माझं ऐकलं असावं, एवढीच माझी इच्छा आहे.