बाईंना मारलेली लाथ

बाई,

तोंडावर मी तुम्हाला कोच म्हणायचे, मनात मात्र पहिल्या दिवसापासून बाईच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मराठी तुम्हाला कधी येतच नव्हतं, तेव्हा हे पाठवायचा प्रश्नच नाही. काल आमच्या आताच्या, फ्रिस्कोच्या घरी माझ्या मुलीचा पाय चुकून आजीला लागला. तिने वाकून आजीला हात लावला आणि तो कपाळाला नेला, अगदी आपसूक. मला एकदम तुमची आठवण आली.

दोन हजार तीनमध्ये मी नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत, आयसेलिनला आले. नोकरीची परवानगी नाही. सकाळच्या पोळ्या झाल्या की दिवस खायला उठायचा. टायरच्या दुकानामागच्या तुमच्या जिममध्ये वजन उतरवायला म्हणून शिरले, तर पन्नाशीची एक जपानी बाई, म्हणजे तुम्ही, पोरींना टीव्हीवर दाखवतात तसली रिंगमधली कुस्ती शिकवत होती. नवरा म्हणाला, "रेसलिंग? यार, आईला काय सांगायचं?" म्हटलं, "योगा जॉइन केलाय म्हणून सांग." सासूबाई पुण्याहून दर रविवारी फोनवर विचारायच्या, योगा कसा चाललाय. छान चाललाय, असं म्हणून मी पाठ शेकत बसायचे.

पहिले तीन महिने तुम्ही नुसतं पडायला शिकवलंत. हनुवटी छातीला, तळहात आपटायचे, श्वास सोडायचा. मधेच तुटक इंग्रजीत स्वतःचं काही सांगायचात. सोळाव्या वर्षी घर सोडलंत. तुमच्याकडे पंचविशी उलटली की बाईने रिंग सोडायची, असा दंडकच होता. गुडघे धड असताना घरी का बसायचं, म्हणून एकट्या अमेरिकेत आलात. इथे बायकांची कुस्ती म्हणजे पुरुषांच्या सामन्यांमध्ये तोंडी लावण्यापुरती चार मिनिटं. तेवढ्यात लोक स्टॉलवरचे नाचो आणायला उठायचे. "आय मेड देम सिट," तुम्ही म्हणायचात. मला त्या माणसांचा अजूनही राग येतो.

मग लाथेची पाळी आली. माझी पहिली लाथ तुमच्या छातीवर बसली आणि काही कळायच्या आत मी वाकले, तुमच्या खांद्याला हात लावला, कपाळाला नेला. तेवढ्यात तुम्ही मला उचलून आपटलंत. "व्हॉट इज दिस?" मी सांगितलं, मोठ्यांना पाय लागला की आम्ही असं करतो. "यू किक, यू सॉरी, यू लूज!" तुम्ही ओरडलात. पोरी खो खो हसल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पण सवय काही जाईना. दर वेळी वाकायचे, दर वेळी आपटी खायचे.

तीन वर्षांनी तुमच्या गुडघ्यांनी दगा दिला. निकाल आधीच ठरलेला असतो हे मला तोवर कळलं होतं. शेवटचा सामना माझ्याशी, आणि जाणाऱ्याने शिष्येकडून हरून जायचं, हेही तुम्हीच ठरवलंत. स्वतःचे जुने बूट मला दिलेत. दोन-दोन मोजे चढवून ते मला झाले. "रिअल किक. नो सॉरी," तुम्ही म्हणालात. "यू सॉरी, पीपल लाफ. माय लास्ट मॅच." तुमच्या साऱ्या आयुष्याची सांगता माझ्या एका खोडीवर येऊन ठेपली होती.

एका शाळेच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्या संध्याकाळी नाचो आणायला कुणी उठलं नाही. मी लाथ मारली, खरी. वाकले नाही. तुम्ही पडलात, मी तुमचे खांदे टेकवून तुमच्यावर आडवी झाले, पंचाने तीन मोजले, आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कपडे बदलायच्या खोलीत छातीला बर्फाची पिशवी धरून तुम्ही विचारलंत, "नो सॉरी?"

"नो सॉरी," मी म्हटलं.

इतक्या हसलात! पुढे दोन वर्षं, अगदी शेवटच्या आजारातसुद्धा, भेटेल त्याला सांगत राहिलात की हिची खोड मी मोडली.

बाई, मी खोटं बोलले. पंच दोन म्हणाला तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते. तुमचा खांदा दाबून धरलेला माझा हात मी हळूच उचलला आणि कपाळाला लावला. केस सारल्यासारखं केलं, म्हणून कुणी हसलं नाही.