दोन पर्ल आणि छापून गेलेली सूची

ती. हितेंद्रभाऊंस,

यावलहून शालिग्रामचा वाकून नमस्कार. तुमची शुगर आणि वहिनींचा गुडघा आता कसा आहे? मी तब्येतीने ठीक, पण हादरलोय तो अजून सावरलेलो नाही.

समाजाच्या वधू-वर मेळाव्याची सूची लावायला तुम्ही दिलेली पर्लची (त्या कॉम्प्युटर-भाषेतली) स्क्रिप्ट यंदा नव्या कॉम्प्युटरवर टाकली. डबल क्लिक केलं, तर काळी खिडकी उघडली आणि क्षणात गायब! (वीज गेली म्हणावं, तर पंखा चालू.) कमांड प्रॉम्प्टवरून चालवली, तर पर्ल नावाची आज्ञाच ओळखीची नाही! कॉम्प्युटर प्रोग्रॅम कुठे शोधतो त्या यादीत, म्हणजे पाथमध्ये, पर्लचा फोल्डर लिहिला. त्यानंतर ती खिडकी बंद करून पुन्हा उघडायची असते, हे कळण्यात दोन दिवस गेले. मग स्क्रिप्टला लागणारा एक जोडभाग, मॉड्युल म्हणतात ते, सापडेना. चार वेळा इन्स्टॉल केलं. चारही वेळा ‘झालं’ असं उत्तर आलं आणि स्क्रिप्ट मात्र ‘नाही’वर अडून. शेवटी बघतो तर काय, मशीनवर दोन पर्ल! एक मी टाकलेलं, दुसरं कुठल्याशा सॉफ्टवेअरबरोबर आलेलं. मॉड्युल जायचं एकात, स्क्रिप्ट चालायची दुसऱ्यावर. भाऊ, मी हायच खाल्ली!

ते निस्तरलं, तर यादीभर प्रश्नचिन्हं. मेळाव्याचे अध्यक्ष झुलालनाना (पारोळ्याकडचे) ओरडले, “नावं कोठे शेतस? हाई तं बठ्ठं प्रश्नचिन्ह शे!” नोटपॅडमध्ये यादी सेव्ह करताना मराठी अक्षरं टिकवणारं यूटीएफ-८ निवडायचं राहिलं होतं. ते निवडून, मूळ यादी पुन्हा चिकटवून, शेवटी तपासायला म्हणून माझ्याच नावाची एक ओळ घालून पाहिली. मराठी अक्षरं स्वच्छ उमटली! त्या आनंदात फाईल तशीच छापखान्यात गेली.

जळगावला भर मेळाव्यात पुस्तिका उघडली, तर आत मीच! वर क्रमांक सत्त्याऐंशी : शालिग्राम, वय एकोणसाठ, विधुर, सोसायटीतून निवृत्त. अपेक्षा : चाचणी. पाचशे प्रती! ऋतिकाचा पुण्याहून फोन. “बाबा, चाचणी ही कसली अपेक्षा?” पोटच्या मुलीला काय सांगायचं?

आपला,
शालिग्राम

ता. क. तुम्ही एकदा येऊन स्क्रिप्ट बघा. पुढच्या वर्षी असला घोळ नको.

ता. ता. क. स्क्रिप्टची घाई नाही. तुमच्या देवपुरातल्या दीपमालाबाईंचा (निवृत्त शिक्षिका) पुस्तिका वाचून फोन आला होता. पाऊण तास कसा गेला, कळलं नाही. रविवारी पोहे खायला बोलावलंय. एकट्याने जायचा धीर होत नाही, तुम्ही दोघं सोबत याल का? ऋतिकाला सगळं सांगितलंय. म्हणाली, निळा शर्ट घाला.